दिलेली सायकल

ईशानी चपला काढते त्या टोकं दाराकडे करून. सहाला बोलावलं की पावणेसहालाच खाली उभी असते. भिंतीला खिळा ठोकत नाही. फोटो कपाटाच्या आत चिकटवते. बिल्डिंगच्या वॉचमनला ‘जयहिंद, अंकल’ म्हणते. तोही आता सॅल्यूट ठोकतो. आणि कुणाशी ओळख झाली की लगेच विचारते, “तू इथे किती दिवस आहेस?”

विनितालाही तिने हेच विचारलं होतं, नववीच्या पहिल्या दिवशी. विनिता जन्मापासून अबुधाबीची. तिला प्रश्नच कळला नाही. ईशानीचे वडील फौजेत सुभेदार, इथल्या दूतावासात नेमणुकीवर आलेले. तिची ही सातवी शाळा.

“तीन वर्षांचं पोस्टिंग,” ती म्हणाली. “बारावीला मी नसणार.”

“यल्ला, चल, तोवर डबा तरी उघड,” विनिता म्हणाली.

मग दोघींचं एकीवाचून दुसरीचं पान हलेना. विनिताच्या घरात तिसरी खुर्ची आपोआप ईशानीची झाली.

अकरावी संपत आली तसं ईशानीने वाटप सुरू केलं. फौजी घराची ही रीतच. सामान हलकं करायचं, रडारड करायची नाही. कुंड्या शेजारच्या आजींना, रॅकेट वर्गातल्या कुबराला, टेबललॅम्प वरच्या मजल्यावरच्या अंशला. विनिताला सायकल. विनिताला ती नको होती. ईशानी जाऊ नये एवढंच हवं होतं. ते तिने बोलून दाखवलं नाही. सायकलला मात्र येता-जाता लाथा घातल्या.

परीक्षा संपली त्या दुपारी शोभनाकाकूंचा, ईशानीच्या आईचा फोन आला.

“विनिता, मुदतवाढ मिळाली गं! हिची बारावी होईपर्यंत! यांनी कधीचा अर्ज केला होता. ऑर्डर हातात येईस्तोवर मलासुद्धा पत्ता नाही. आता विचार त्या कार्टीला, झोपायला उशी तरी शिल्लक ठेवलीय का!”

विनिता अनवाणीच खाली धावली. ईशानी पार्किंगमध्ये येऊन उभी होती. हसत होती आणि गोंधळलीही होती. जायचं ठरलं आणि राहिलो, असं तिच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं.

“दिलेलं परत कसं मागायचं गं?”

“तोंडाने. चल.”

दोघी वसुलीला निघाल्या.

“दी हुई चीज वापस? शरम नहीं आती, हबीबी?” कुबरा ओरडली आणि गळ्यातच पडली. बिर्याणी खाल्ल्याशिवाय तिने रॅकेट सोडली नाही. अंशने “टेक इट, टेक इट” म्हणत लॅम्प दिला, बल्ब काढून घेऊन. आजींनी कुंड्यांना हात लावू दिला नाही. “फुलं आलीत त्यांना. पाणी घालायला येत जा.”

शेवटी विनिताने सायकल बाहेर काढली.

“उद्या नेते,” ईशानी म्हणाली.

आता बारावीची परीक्षा तोंडावर आली आहे. ईशानी रोज संध्याकाळी सायकल न्यायला येते. तास-दीड तास बसते, खिदळते आणि चालत घरी जाते. चाकात हवा भरायची राहिलीय, म्हणते.