निळा ताप आणि आबांच्या म्हशी

आमच्या घरात साथीचा पहिला बळी गेला तो माझ्या कोंबडीचा.

कोंबडी मोबाइलमधली होती. करोनाची दुसरी लाट आली, पिंप्राळ्यातली आमची गल्ली दोन्ही टोकांना बांबू लावून बंद झाली, आणि केतकीने (माझी मुलगी, कॉलेज बंद, त्यामुळे आम्हाला सुधारायला पूर्णवेळ मोकळी) सगळ्यांच्या फोनमध्ये शेतीचा एक ऑनलाइन खेळ टाकला. गाव एकच, त्यात प्रत्येकाचं एक शेत. मी, आमचे हे, फैजपूरची माझी मोठी बहीण अक्का आणि भडगावला राहणारे माझे वडील, आबा; बाकीचं गाव अनोळखी खेळणाऱ्यांचं. सकाळी फोन उघडला की नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणाचा तरी हार घातलेला फोटो असायचा. त्याऐवजी आधी कोंबड्या दिसाव्यात, एवढाच हेतू.

आबांची छाती मुळात नाजूक. ओटा चढले तरी भात्यासारखा आवाज येतो. रस्त्यावर ॲम्ब्युलन्स वाजली की मला ते आठवायचे आणि हातातलं काम हातात राहायचं. खेळात मात्र आबा ठणठणीत होते. म्हशी पाळायचे आणि एकेकीचं नाव ठेवायचे. (नावं ठेवायचे ती आम्हाला. म्हशींना फक्त नावं दिली होती.)

मग खेळ बनवणाऱ्यांनी त्यातही रोगाची एक साथ सोडली. बाहेर कमी होती ना! निळा ताप. तो ज्याला होईल तो निळा पडायचा, आणि जवळ उभं राहिलं की माणसाला, जनावराला, सगळ्यांना लागायचा. उपाय सोपा होता. दार लावून घरात बसायचं, रंग आपोआप उतरतो. हे पडद्यावर ठळक अक्षरांत आलं. सगळ्यांनी वाचलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि सगळे घराबाहेर पडले.

यांचं हार्डवेअरचं दुकान बंद असल्याने हात शिवशिवत होते. यांनी गावाच्या चौकात काढ्याची टपरी टाकली. काढ्याने काही होत नाही, असं खेळातच लिहिलेलं होतं. तरी रांग लागली, आणि रांगेत निम्मे निळे. हे स्वतः निळे पडले तेव्हा यांनी एक मोठा फेटा घेतला, तोंडावर ओढला आणि धंदा चालू ठेवला. तिकडून अक्का सगळ्या कोंबड्या घेऊन माझ्या शेतात राहायला आली. तिच्या बाजूला ताप फार वाढला होता म्हणे. सख्ख्या बहिणीला दाराबाहेर कशी ठेवणार? मी दार उघडलं. माझी पहिली कोंबडी त्याच दुपारी गेली.

त्यावर मी काय केलं असेल? टोपलीभर केळी घेतली आणि आजाऱ्यांना बघायला निघाले. आजाऱ्याला बघायला जाणं आमच्या खानदेशात जेवणाइतकं नेमाचं. या भेटींचे खेळात गुण मिळत नव्हते, कुणी बोलावलंही नव्हतं. पण मी प्रत्येक दारात उभी राहिले, ‘काळजी घ्या’ असं लिहिलं आणि पुढच्या दारात गेले. वाटेत खेळातली माझी बाई जरा निळसर वाटली. मी म्हटलं, पडद्याचा उजेड कमी असेल. शेवटची भेट आबांची.

संध्याकाळी आबांचा फोन आला.

“बठ्ठ्या म्हशी गयात,” सगळ्या म्हशी गेल्याचं त्यांनी शांतपणे अहिराणीत सांगितलं. “आते मना नंबर शे का?”

मी खूप हसले. केतकी हसली नाही. खेळात खरं मरण नसतं, म्हणून माणसं अशी बेफिकीर वागतात, असं यांनी समजावून सांगितलं.

“आणि बाहेर काय वेगळं वागतायत, बाबा?” केतकीने विचारलं. यांना एकदम गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी खरोखरची भडगावला निघणार होते. आबांकडे कामाला येणारी बाई येईनाशी झाली होती. शेजारी डबा देत होते, पण म्हणून मुलीने जायचं नाही? प्रवासाचा पास मिळवला होता, बॅग भरून दाराशी ठेवली होती. घसा सकाळपासून खवखवत होता, तो लोणच्यामुळे. अंग मोडून आलं होतं, ते लादी पुसल्यामुळे. मला कारणं फार पटकन सुचतात.

आबांना मसाला न्यायचा म्हणून त्या रात्रीच मी लाल मिरच्या तव्यावर टाकल्या. हे ठसकत गॅलरीत पळाले. केतकी ओढणी तोंडाला लावून बाहेर गेली. शेजारच्यांनी धाडकन खिडकी लावली. त्या धुरात मी एकटी उभी, स्वस्थ.

“तुम्हाला कशाची सवयच नाही,” मी म्हटलं. “मला बघा. साधी शिंक नाही.”

मिरच्या काळ्या पडत चालल्या होत्या. मी तव्यावर वाकून श्वास ओढला. काही नाही. पाण्याच्या पातेल्यावर वाकावं तसं. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. तिथेही काही नाही.

दारातून केतकी हळूच म्हणाली, “आई, तू निळी आहेस.”

मी होते तिथेच, ओट्याला टेकून खाली बसले. उद्या या वेळी मी आबांच्या खाटेवर बसून, त्यांच्या तोंडाशी वाकून, दोन घास खायचा आग्रह करत असले असते. आणि त्यांचा तो भाता.

तपासणीत जे यायचं तेच आलं. लाट ओसरेपर्यंत आबांना काही झालं नाही. मी मागच्या खोलीत दार लावून पडले आणि माझ्या माणसांना एकदम अक्कल आली. केतकी ताट उंबऱ्याबाहेर ठेवून मागे सरायची. हे लांबूनच ओरडून तब्येत विचारायचे. अक्का फैजपूरहून हलली नाही. गल्लीतल्या एकाही बाईने दार वाजवलं नाही. अगदी जसं वागायला हवं तसं सगळे वागत होते. आणि मी खोलीत कूस बदलत मनातल्या मनात चरफडत होते, की इतकी माणसं, आणि एकाही मेल्याला मला बघायला यावंसं वाटू नये!