दारावर ‘अणुभट्टी नको’

कारेगावात मी भाड्याच्या खोलीत राहायचे आणि जवळच्याच एका कंपनीत पॅकिंगला जायचे. माहेर कोकणात, समुद्राकाठी. तिथं अणुऊर्जा प्रकल्पासाठी आमच्या गावच्या जमिनी मागितल्या होत्या. गणपतीला गेले तेव्हा वहिनीनं मूठभर बिल्ले आणि दोन पोस्टरं बांधून दिली. वर मासा, खाली ‘अणुभट्टी नको’.

बिल्ला कंपनीच्या गेटवरच काढायला लावला. आत पिन चालत नाही म्हणे. ते ऐकलं मी. पोस्टर मात्र खोलीच्या दारावर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आले तर दारावर नुसती माशाची शेपटी उरलेली. ओळीतल्या सगळ्याच खोल्यांचे पंखे बंद. घरमालक आप्पा मेन स्विचपाशी खुर्ची टाकून बसले होते.

“आप्पा, पोस्टर कुणी फाडलं?”

“म्या. लाइट नको म्हंतीस न्हवं? मग बस बिनलाइटची.”

“लाइट नको कुठं म्हटलंय? भट्टी नको म्हटलंय.”

“आमच्या उसाला दिवसा लाइट न्हाई. रातचं पाणी धरतो आमी. आन् तुमी तिकडं आडवं पडा! नुसता खडक तर हाय तुमच्याकडं.”

“त्या खडकावर माझ्या भावाची आंब्याची कलमं आहेत. तुमच्या उसात आणा की भट्टी!”

आप्पा ताडकन उठले. “रूम खाली कर.”

शेजारची बिहारची बाई मूल कडेवर घेऊन दारात आली. “दीदी, बच्चा गर्मी से रो रहा है. माफी माँग लो ना.”

मी माफी मागितली नाही. आतून दुसरं पोस्टर आणलं आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत त्याच जागी लावलं. तेव्हा त्या बाईनंच पुढं होऊन ते ओरबाडलं आणि चोळामोळा करून माझ्या हातात कोंबलं. आप्पा हसले. त्यांनी स्विच वर केला, पंखे फिरायला लागले.

आप्पांशी मी भांडू शकत होते. तिच्याशी काय भांडणार? पण त्यानंतर तिच्याकडं मला बघवेना, आणि ती समोर आली की मी दार लावून घ्यायचे.

महिनाअखेर सणसवाडीत खोली मिळाली. सामान टेम्पोत चढवताना एकही शेजारीण बाहेर आली नाही. किल्ली घ्यायला आप्पा आले. दारावरचा गोंद नखानं खरवडत म्हणाले, “रंग द्यावा लागंल आता.”

“द्या,” म्हटलं आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.