सहा-एकेचाळीसचे मेस्त्री

हुबळीच्या बायपासवरून धावणाऱ्या प्रत्येक ट्रकचं तोंड बघण्याआधी त्याचं पोट बघणारा माणूस या जगात एकच असेल, आणि तो म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे मेस्त्री. ट्रक समोरून आला तरी हे वाकतात. वरातीची गाडी आली की सगळे नवरदेवाकडे बघतात, मेस्त्री झेंडूच्या माळांखालून मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा शोधतात. त्या गोळ्यात एक लहान दातेरी चाक एका मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. लहानाला सहा दाते आणि मोठ्याला सदतीस असले तर ती गाडी 'सहा-सदतीस'. मोठ्याचे दाते वाढले की गाडी सावकाश पण नेटानं चालते, कमी झाले की पळते पण ओढत नाही. मी गणितात बी.एस्सी. झालो, तरी एवढी साधी गोष्ट मला मेस्त्रींनीच शिकवली, हे आधीच सांगून टाकतो.

मेस्त्रींच्या मते माणसंही याच हिशोबानं घडवलेली असतात. एका लग्नात मी त्यांच्या शेजारी पंगतीला होतो. नवऱ्या मुलाकडे बोट दाखवून ते मला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, पण सपाटीचं. घाट आला की धापा टाकणार. पोरगी मात्र सहा-एकेचाळीस. घर तीच ओढणार बघा." मुलीचे वडील समोरच जिलबी वाढत होते. त्यांना यातलं काही कळलं नाही, पण एकेचाळीस हा आकडा त्यांनी मुलीच्या वयाचा धरला आणि जिलबी न वाढताच पुढे गेले. मेस्त्री खंतावले, पण जिलबीसाठी नाही. आपण मुलीचं केवढं कौतुक केलं हे लोकांना कळत नाही, असं ते परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाले.

माणसांशी ते मराठी बोलतात आणि गाड्यांशी कन्नड. अडलेला बोल्ट सुटत नसला की "बा तंगी, बा," म्हणजे ये ग धाकट्या बहिणी, ये, असं लाडीगोडीनं चालू असतं. दाते मोजायचे तेही कन्नडातच. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "मराठीत एक आधी म्हणायचं आणि चाळीस मागनं. दात मोजताना उलटं कशाला बोलायचं, मास्तर?" मी हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवतो, म्हणून मी मास्तर. या 'मास्तर'मध्ये आदर किती आणि चिमटा किती, हे मला अजून नीट मोजता आलेलं नाही.

मात्र कामात त्यांची एक शिस्त होती, आणि तिच्यापायी कितीतरी गिऱ्हाइकं वैतागून दुसरीकडे गेली. टायर बदललेली गाडी रिकामी आणली, की ते हात लावत नसत. "भरून आणा. उपाशी माणसाच्या कमरेचं माप घेऊन सदरा शिवतात काय?" मग माल भरलेल्या गाडीच्या टायरवर ते खडूनं रेघ ओढणार, तिथंच जमिनीवर दुसरी रेघ मारणार, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याएवढी पुढे ढकलायला लावणार, आणि सुतळीनं ते अंतर मोजणार. टायरवर छापलेल्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. ओझ्याखाली टायर दबतं, ते छापणाऱ्याला कुठं ठाऊक, असं त्यांचं म्हणणं.

आमचं गाव अळणावरजवळ. घरात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती मला मिळावी म्हणून अण्णा, म्हणजे माझा हा भाऊ, दहावीनंतर दुसऱ्याच्या ट्रकवर चढला. पुढे त्यानं स्वतःचा जुना ट्रक घेतला आणि वनखात्याच्या डेपोतलं लाकूड घाटाखाली समुद्राकडे न्यायचं काम धरलं. जंगलातल्या चिखलात गाडी रुतते म्हणून मागच्या वर्षी त्यानं मोठी टायरं बसवली. तेव्हापासून गाडी उचलायला जड झाली. क्लचचा वास येऊ लागला. कुणी म्हणालं, गोळ्यातली चाकं बदला. अण्णा मळमड्डीत माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, "तू हिशेब कर की. एवढं शिकलास ते कशाला?"

मी रविवारभर बसून हिशेब केला. टायर एक दशांशानं मोठं, तेवढी ओढ कमी. पण भरलेली गाडी घाट उतरते आणि चढते ती रिकामी. मग जादा ओढ हवी कशाला? उलट इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त लांब जाणार, डिझेल वाचणार. निष्कर्ष : काही बदलू नये. अण्णानं तो कागद मेस्त्रींपुढे असा धरला, जणू माझं पदवीचं प्रमाणपत्रच.

मेस्त्रींनी कागद शेवटपर्यंत वाचला. "गणित बरोबर हाय," ते म्हणाले. मग चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "मास्तर, उताराला गाडी कोण धरतं?"

"ब्रेक."

"आणि ब्रेक तापल्यावर?"

मी त्यांच्या हातातल्या कागदाकडे बघितलं.

"इंजिन धरतं. खालच्या गिअरात टाकलं की गाडीला मागनं कुणी पदर धरल्यासारखं होतं. टायर मोठं झालं, की ती पकड सैल पडते. चढाला कमी पडलं तर गाडी थांबते, मास्तर. उताराला कमी पडलं तर थांबत न्हाई."

अण्णा जमिनीकडे बघत होता. हळूच म्हणाला, "मागच्या खेपेला तिसऱ्या वळणावर ब्रेकमधनं धूर निघाला होता. घरी सांगितलं न्हाई मी."

माझ्या कागदावर घाट होता, लाकूड होतं, डिझेल होतं. अण्णा नव्हता.

गाडी भरून आणली. खडूच्या रेघा ओढल्या, सुतळी मोजली. दोन दिवस दाते तपासून मेस्त्रींनी सहा-सदतीसची जोडी काढून सहा-एकेचाळीसची बसवली, ब्रेकही उघडून नीट केले. तरी पहिल्या भरल्या उताराला ते स्वतः गाडीत बसत, हाही त्यांचा नेमच. घाटमाथ्यापर्यंत मीही गेलो होतो. मेस्त्री गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत केबिनमध्ये चढले. त्यांच्यामागे मी पायरीवर पाय ठेवला, तर म्हणाले, "तुम्ही उतरा."

"का? जागा आहे की."

"जागा हाय. पण तुमच्या आईची दोन्ही पोरं एका गाडीत नकोत."

अण्णा हसला, पण त्यानंही मला बोलावलं नाही. गाडी वळणाआड गेली. मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसून राहिलो. गाडी दिसत नव्हती, पण इंजिनाचा घोगरा आवाज खालून येत होता, एका लयीत, न चढता न पडता. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणाशी मी डोळे मिटले. आवाज तसाच राहिला, मग हळूहळू झाडीत विरत गेला. तासाभरानं अण्णाचा फोन आला, "पोचलो रे. ब्रेकला पाय लावावा लागला तो एरवीच्या निम्म्यापेक्षा कमी. मेस्त्री जेवायला बसलेत, मासे मागवलेत."

आता मेस्त्रींच्या गुडघ्यांना केबिनची पायरी झेपत नाही, त्यामुळे ते नवी कामं घेत नाहीत. मी अधूनमधून जातो, त्यांच्यासोबत चहा घेतो, ते मला मास्तर म्हणून चिडवतात. त्यांच्या घरीही बायको आहे, मुलगी आहे. इतकी वर्षं परक्यांच्या गाड्यांत बसून पहिला उतार उतरताना त्यांनी त्या दोघींना काय सांगितलं असेल, हे त्यांना विचारायचं मी दर वेळी ठरवतो. आणि दर वेळी, चहा संपेपर्यंत, मला ते जमत नाही.