एका वर्षाने चुकलेली शाळा

बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि सिओक-लान तैवानमधल्या आपल्या गावात केस कापायचं काम शिकू लागली. पुढच्याच वर्षी सरकारने आणखी तीन वर्षं शाळा सक्तीची केली. धाकटी बी-हुई शाळेत राहिली.

"आता कालवं कोण सोलणार?" असं कुरकुरत बाप होडीकडे गेला.

शाळेच्या शिस्तीप्रमाणे बहिणीचे केस कानापर्यंत कापताना सिओक-लान म्हणाली, "सक्ती झाली म्हणून बरं, आई. नाहीतर तुम्ही हिलाही शाळेतून काढलं असतंत."

आईने हातातली सुरी ठेवली. "तुझ्या वेळी हा नियम असता, तर बाबांपुढे मला तोंड उघडता आलं असतं गं."

सिओक-लानची कात्री थांबली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे पुसून सिओक-लान बहिणीला म्हणाली, "हलू नकोस, वाकडे कापले जातील."