एक दिवसाआड बोटभर

वासंतीताईंची आणि माझी पहिली भेट कचऱ्याच्या डब्यापाशी झाली. परदेशातल्या या टार्निट उपनगरात त्या माझ्या शेजारच्या घरात राहतात. कांद्याची लाल जाळीची पिशवी मी डब्यात टाकणार, एवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "अरे थांब! ती मला दे." बाईंना कांदे हवेत असं वाटून मी आतून चार कांदे घेऊन आलो. "कांदे तुझे तुलाच राहू देत. मला पिशवी हवीय," ताई म्हणाल्या. महिन्याभराने ती पिशवी मी त्यांच्या हातमागावर सुती धाग्यांत विणलेली पाहिली आणि हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर शिफ्ट करणारा मी त्यांचा विद्यार्थी झालो.

ताई येवल्याच्या विणकर घरातल्या. इथे त्यांचा माग गॅरेजमध्ये आणि गाडी बाहेर उन्हात. निलगिरीची साल, पॅकिंगच्या पट्ट्या, शर्टांच्या चिंध्या, काहीही त्यांना विणायला चालतं. शिस्त मात्र पैठणीची. माझी एक वीत त्यांनी तीनदा उसवायला लावली, तीही आवाज न चढवता. "नो वरीज, चौथ्यांदा जमेल." येवल्याहून त्यांच्या आई व्हिडिओवर हे सगळं बघत आणि विचारत, "अगं, हे कोण नेसणार?"

त्यांच्या घरचा एक रिवाज आहे. विणून झालेलं कापड मागावरून उतरवताना पहिली कात्री आईची. एरवी छोटी कामं ताई स्वतःच कापत. पण एका मोठ्या कलाकृतीसाठी आई स्वतः टार्निटला येणार होत्या. तिकीट काढलेलं होतं. काम पुरं झालं आणि त्याच आठवड्यात कोविडमुळे सीमा बंद झाल्या.

ताईंनी कापड कापलं नाही. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, तीन कलाकृतींना पुरेल एवढा लांब चढवलेला होता, म्हणून त्या पुढे विणत राहिल्या. आई येण्याआधी धागा संपू नये म्हणून त्यांनी स्वतःला नेम घालून घेतला, एक दिवसाआड बोटभर. मास्कची इलॅस्टिकं, पार्सलांच्या दोऱ्या, जे हाती येई ते त्यात जाई. एका गॅलरीने ते काम मागितलं. ताईंनी कळवलं, "माझी आई येऊ दे, मग देते." त्यांना आईची इतकी ओढ होती की येवल्याचं नाव निघालं तरी त्या उठून चहा टाकायला जात.

त्या दिवसांत माझ्या शिफ्ट बंद झाल्या. मी कुणाला बोललो नव्हतो, तरी दारात वरणभाताचा डबा येऊ लागला. डब्याबरोबर पुठ्ठ्याचा छोटा माग आणि चिठ्ठी होती, "रिकामा बसू नकोस." आज मी एका शाळेत आयटी सांभाळतो, तो पुठ्ठा अजून जपून ठेवला आहे.

मग ताईंनाच कोविड झाला. चौदा दिवस त्या एकट्या घरात होत्या. मी सूप दारात ठेवायचो आणि आतून खोकत त्या बजावायच्या, "आईला कळता कामा नये हं." बोटभर विणण्याचा नेम तेव्हाही मोडला नाही.

सीमा उघडल्या तोवर आईंची दृष्टी गेली होती. विमानप्रवास शक्यच नव्हता. तेव्हा ताईंनी कापड न कापता मागाचे दोन्ही लाकडी रूळ, धागे ठोकून बसवणारी मधली फणी आणि सगळा ताणा एकत्र बांधला आणि ते गाठोडं घेऊन निघाल्या. विमानतळावरचा माणूस म्हणाला, "व्हॉट्स धिस, मेट?" ताई म्हणाल्या, "माय मदर्स जॉब."

येवल्यात त्यांच्या भावाने फोन धरला होता आणि इथे आम्ही विद्यार्थी गॅरेजमध्ये जमून बघत होतो. आई कापडावरून बोटं फिरवत होत्या. निलगिरीची साल लागली तेव्हा हसल्या. एका ठिकाणी बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

"इथं सहा-सात बोटं फणीचा ठोका हलका पडलाय. आजारी होतीस?"

ताई म्हणाल्या, "हो."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगून काय झालं असतं गं? तुला येता थोडंच आलं असतं?"

"येता आलं नसतं. पण तुझ्यासाठी जागले तर असते."

मग आईंनी कात्री मागितली. ताई इतक्या रडत होत्या की भावानेच ती आईंच्या हातात दिली.

ताई, आज आपण साठ वर्षांच्या झालात. आपल्याला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, हात असेच चालते राहोत. पण कधी अंग मोडून आलंच, तर आमच्यापासून लपवू नका. येवला दूर आहे, हे खरं. पण आपल्यासाठी जागणारी माणसं आता टार्निटमध्येही आहेत.