काकांच्या फोटोखाली

कॉलेजात असताना तुम्ही काय केलंत? पदवी सोडून सांगा. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारणारे ऑकलंडच्या ओटाहुहु उपनगरातले फार्मसिस्ट काका हे अख्ख्या न्यूझीलंडमधले सर्वांत उत्साही विद्यार्थी आहेत, आणि त्यांचं शिक्षण संपून वीस वर्षं होऊन गेली आहेत. एका शाळेच्या जत्रेत, जुन्या पुस्तकांच्या ढिगात, त्यांना कुठल्याशा अमेरिकन विद्यापीठाचा शंभरएक वर्षांपूर्वीचा जाडजूड वार्षिकांक सापडला आणि तेव्हापासून ते त्यातच राहतात. अंकात प्रत्येक मुलाचा फोटो, आणि फोटोखाली त्याने केलेल्या उद्योगांची यादी: वादसभा, गायनमंडळ, होड्यांची शर्यत, कॉलेजचं वर्तमानपत्र. काकांनी ठरवलं की ऑकलंडला शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींचाही असाच अंक काढायचा. पण यादी छापायची तर आधी उद्योग हवेत ना!

मग उद्योग सुरू झाले. त्या विद्यापीठात नवख्यांना हिरवी टोपी घालावी लागे, म्हणून काकूंनी हिरव्या लोकरीच्या टोप्या विणल्या. सामन्यांत एका सुरात आरोळी ठोकत, म्हणून काकांनी मराठीत आरोळी रचली आणि आमच्यातल्या एकीला गाडीचं लायसन्स मिळालं तेव्हा सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानासमोर आम्हा सगळ्यांकडून ती तीनदा म्हणवून घेतली. त्यांची लेक गाडीत सीटखाली सरकली. "डॅड, स्टॉप! एव्हरीवन इज लुकिंग!" "अगं, बघावं म्हणूनच ओरडतोय," काका म्हणाले आणि चौथ्यांदा सुरुवात केली. वादसभेत वेळ संपली की ते गोळ्या मोजायच्या ट्रेवर चमचा वाजवत. एकदा रंगात येऊन स्वतःच्याच भाषणात त्यांनी तो वाजवला आणि स्वतःला खाली बसवलं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आईच्या संघटनेची पत्रकं दुमडता दुमडता मला अक्षरओळख झाली. टोपी पाहताच माझं डोकं फिरलं. त्या काळी त्या विद्यापीठांचे दरवाजे कुणाला उघडे होते आणि कुणाला बंद? आणि नवख्याला नवखा म्हणून हिणवण्याची त्यांची चाल आपण का उचलायची? 'टोपी झुगारा!' असं पत्रक लिहून मी ते थेट काकांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्या वाचलं.

"झकास! फक्त 'गुलामी'पुढे एकच उद्गारचिन्ह ठेव. प्रती किती काढू?"

प्रती त्यांनीच काढल्या, त्यांनीच वाटल्या, टोप्याही त्यांनीच बंद केल्या. आणि अंकाच्या मसुद्यात माझ्या नावाखाली लिहून टाकलं: 'टोपीविरोधी चळवळ, संस्थापक.' मी जिंकले होते की माझा उद्योग झाला होता, हे मला अजून कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आम्ही पानं लावत होतो. शेवटच्या पानावर काकांचा विद्यार्थी असतानाचा फोटो होता. खाली काहीच नव्हतं. मी 'आरोळीकार' लिहायला घेतलं, तर त्यांनी पेन काढून घेतलं.

"पुढारीणबाई, फोटो तेव्हाचा आहे. तेव्हा केलेलंच लिहायचं."

"मग तेव्हा काय केलंत?"

"वर्ग. वर्ग सुटला की कोपऱ्यावरच्या डेअरीचं काउंटर. दूध, पाव, पेपर. परत वर्ग."

"नाटकात घेत होते यांना," काकू आतून म्हणाल्या. "तालमीच्या वेळेलाच शिफ्ट असायची."

काकांनी तो जुना वार्षिकांक पुढे ओढला. तो आपोआप एका पानावर उघडला. एक किडकिडीत मुलगा. खाली नाव आणि एकच शब्द: रसायनशास्त्र. बाकी जागा कोरी. "कोटाची बाही बघ, आखूड आहे," काका म्हणाले. "हासुद्धा कुठल्यातरी काउंटरवर असणार. याच्यासाठी घेतलं मी हे पुस्तक."

मला राग आला. पण कुणाचा, ते समजेना. एरवी मला ते लगेच समजतं. वर्षभर मी ज्याला श्रीमंतांच्या पोरांचं खूळ म्हणत होते, त्यात हा मुलगा कधीपासून बसून होता, आणि काका त्याच्या शेजारी. जागा कोरी ठेवली तर ते खरं आहे, पण मला बघवत नाही. भरली तर खोटं, आणि खोटं छापायला काका तयार नाहीत. मीही नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. वीस-बावीस वर्षांपूर्वी तुम्ही ऑकलंडला फार्मसी शिकत असाल, आणि वर्ग सुटताच बॅग उचलून पळणारा पुण्याचा एक मिशीवाला मुलगा तुम्हाला आठवत असेल, तर जरा आठवून बघा. तो कधी गुणगुणला होता का? एखाद्या सरांची नक्कल केली होती का? प्रयोगशाळेत कुणाला हसवलं होतं का? असेल ते खरं मला लिहून पाठवा. एक ओळ पुरे. फोटोखाली तेवढीच जागा आहे.