तिसऱ्या नंबरचं पान

तेव्हा महाराष्ट्रही नवा होता आणि मी शिकवायचो ते मलकापुरातलं आमचं कॉलेजही. स्टेशनच्या रस्त्यावर एका पानवाल्याचा ठेला होता. कॉलेजच्या कबड्डी संघातला कोणता गडी किती पाण्यात आहे, हे तोच ठरवायचा. सामना संपून पोरं ठेल्यावर आली की पहिलं पान पहिल्या नंबरच्या गड्याला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. वकीलसाहेब आधीपासून उभे असले तरी थांबत.

जानेफळचा एक पोरगा चढाईला निघाला की मला दुसरं कोणी दिसत नसे. याने मात्र त्याला कायम तिसरा ठेवलेला. मी भांडायचो, "काऊन तिसरा? पुरी टीम मारून येते तो!"

बोलण्याआधी खालचा ओठ पुढे काढायची पानवाल्याला सवय होती. "मास्तर, जितल्यावर समदेच वाघ दिसतात. हारल्यावर पाहू त्याले."

मग आम्ही खामगावकडून हरलो. शेवटच्या चढाईत तोच पोरगा पकडला गेला. संध्याकाळी ठेल्यावर सगळे त्याच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात खरचटलेल्या गुडघ्यांनी तो एकटाच आला.

पानवाल्याने वकीलसाहेबांचं अर्धवट पान बाजूला सारलं, नवं लावलं, वर एक जास्तीची लवंग खोचली आणि पोराच्या हातात दिलं.

मला राहवेना. "झाला न मंग पह्यला?"

त्याने ओठ पुढे काढला. "पह्यला अन् दुसरा मांगच्या गल्लीनं घरी गेले, मास्तर. इथं हाच आला."